२०० लिटर पाणी कुणासाठी?

सप्रेम नमस्कार. सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आमचं छोटं घर आहे. सासऱ्यांनी सिडकोकडून घेतलं तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. खाली स्वयंपाकघर, बाहेरची खोली आणि मोरी; वर एक खोली आणि बाथरूम; उतरतं कौलारू छप्पर. घरात मी, यजमान, मुलगा, सून, आठ महिन्यांचा नातू आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. वरच्या बाथरूममध्ये २५ लिटरचा, १४ वर्षं जुना गीझर आहे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी खालच्या मोरीत बादलीत रॉड लावतो. माझी भाची जर्मनीत असते. तिने गेल्या वर्षी आपल्या जुन्या घरात हीट पंप बसवला आणि आता आम्हालाही तोच घ्या म्हणते. इथे चौकशी केली तर एका विक्रेत्याने २०० लिटरचा हीट पंप वरच्या बाथरूमच्या मागच्या भिंतीवर बसवून १ लाख १५ हजारांत देतो म्हटलं. तीन वर्षांत पैसे वसूल, वीज ७५ टक्के वाचेल, शिवाय घरही गार राहील, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याने १०० लिटरचा ८२ हजारांत सांगितला. छपरावर सोलर बसत नाही, शेजारच्या तीन मजली घराची सावली पडते. गॅस गीझरला सासूबाई तयार नाहीत. त्या म्हणतात, माळ्यावरचा तांब्याचा बंब काढा. मुलगा म्हणतो, दोन-तीन वर्षांत कौलं काढून वर स्लॅब टाकायचाच आहे. सोबत वर्षभराची बिलं पाठवते आहे. काय करावं?
— एक वाचक, सीबीडी बेलापूर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही सहज लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच थांबलो. सासूबाईंसाठी मोरीत बादलीत रॉड लावतो, ही ती ओळ. हीट पंपाचं बघूच, पण हे उत्तर वाचाल त्या दिवशी तो रॉड बंद करा.

रॉडच्या नळीत तापणारी तार असते आणि तार नळीला टेकू नये म्हणून मध्ये पांढरी पूड ठासून भरलेली असते. नळीला केसाएवढी चीर गेली की पाणी आत शिरतं, पूड ओली होते आणि वीज नळीत व बादलीतल्या पाण्यात उतरते. बाहेरून काहीच कळत नाही. पाणी नेहमीसारखं तापत राहतं. मोरीची फरशी ओली, पायात काही नाही, आणि पाणी तापलं का हे बोट बुडवून बघायची आपल्या सगळ्यांची सवय. त्यात तुमचा नातू आता रांगायला लागला असेल. मुलगा म्हणेल, बोर्डात एमसीबी आहे ना. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाच्या छातीतून काही दशांश अँपिअर गेला तरी जीव जातो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. आत जाणारी आणि परत येणारी वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो. ४० वर्षांच्या घरात तो बहुधा नसतो. तो बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत अर्थिंगची तार कधीतरी गंजून तुटलेली असते आणि तीन पिनांचं सॉकेट भिंतीवर नुसतं दिसायला असतं. काम काही हजारांचं आहे आणि पुढे कोणतंही यंत्र घेतलंत तरी ते लागणारच आहे.

सासूबाईंसाठी खालच्या मोरीत १५ लिटरचा, पाच तारे असलेला साठवणीचा गीझर लावा. त्यांची बादली त्यावर आरामात निघेल. गॅस गीझरला त्यांनी नाही म्हटलं ते योग्यच झालं. लहान बंद न्हाणीघरात बर्नर पेटला की आतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस गुंगत जातो आणि दार उघडायचं भानही राहत नाही.

आता भाचीच्या सल्ल्याकडे येतो. तिने जे केलं ते तिच्या जागी बरोबर आहे. जर्मनीत हीट पंप म्हटलं की आख्खं घर ऊबदार ठेवणारं यंत्र. तिथे जानेवारीत पारा शून्याखाली जातो, आणि मध्यम आकाराचं, भिंतींना आवरण नसलेलं जुनं घर तापवायला वर्षाला सहज १२ ते १५ हजार युनिट उष्णता लागते. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या कायद्यात बदल होऊन नव्या हीटिंग यंत्रणेत ६५ टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांची असण्याकडे वाटचाल ठरली, त्यामुळे जुना गॅस बॉयलर बदलताना लोक हीट पंपाकडे वळतात. पण भाचीला विचारून बघा, यंत्र निवडण्याआधी तिच्याकडे आलेल्या माणसाने काय केलं. चांगला माणूस असेल तर त्याने आधी खोलीगणिक हिशेब मांडला असेल: या भिंतीतून किती ऊब बाहेर जाते, या खिडकीतून किती, रेडिएटर पुरेसे मोठे आहेत का, कमी तापलेल्या पाण्यावर खोली गरम राहील का. घराची गरज आधी मोजायची आणि यंत्र मग निवडायचं, ही तिथली शिस्त. विक्रेत्याने तुम्हाला २०० लिटर सांगितलं तेव्हा त्याने तुमच्या घरातलं काय मोजलं?

बेलापुरात घर तापवायचा प्रश्नच नाही. पाणी तापवायचं, तेही अंघोळीपुरतं. तेव्हा तेवढंच मोजू.

त्याआधी यंत्र काय करतं ते दोन वाक्यांत. तुमच्या फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावा, गरम लागतं. फ्रिज आतल्या भाजीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून टाकीतल्या पाण्यात टाकतो. वीज लागते ती उपसायला, उष्णता बनवायला नाही, म्हणून एक युनिट विजेत तीन युनिट किंवा त्याहून जास्त उष्णता मिळते. ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्येच मांडली होती. हवा जितकी उबदार तितकं उपसणं सोपं, आणि आपल्याकडे हवा बारा महिने उबदार. म्हणजे बेलापुरात हे यंत्र जर्मनीपेक्षाही सुखाने चालेल. वीज दोन तृतीयांश वाचते हे खरं आहे. खोट तिथे नाही. वाचणारी वीज मुळात किती, तिथे आहे.

वही घ्या. पाण्याचे लिटर गुणिले जितके अंश तापवायचं ते अंश, भागिले ८६०. उत्तर येतं ते युनिट. एवढं एक गणित आलं की कुठलाही विक्रेता तुम्हाला गोंधळात टाकू शकणार नाही.

तुमच्याकडे मोठी माणसं चार, प्रत्येकी एक बादली, २० लिटर धरू. सासूबाईंची दीड बादली. बाळाला १५ लिटर. तेलकट भांड्यांना वगैरे २५ लिटर. झाले १५० लिटर. अंघोळीचं ऊन पाणी ४० अंशांचं असतं. नळाचं पाणी पावसाळ्यात २६ अंश धरलं तर १४ अंश तापवायचं, म्हणजे १५० गुणिले १४ भागिले ८६०, साधारण अडीच युनिट. डिसेंबर-जानेवारीत टाकीतलं पाणी २२ अंशांवर उतरलं तर तीन युनिटांच्या थोडं वर. एप्रिल-मेमध्ये तुमच्या घरात सासूबाई आणि बाळ सोडून कुणी गरम पाणी घेत असेल असं मला वाटत नाही. वर्षाचा जमाखर्च केला तर पावणेनऊशे युनिट होतात. गीझर चालू राहिल्यावर त्याच्या अंगातून उगाच जाणारी उष्णता मिळवा, तर वर्षाला हजार युनिटांच्या आसपास. भाचीच्या घराच्या मानाने हा आकडा केवढा लहान आहे ते बघा. तिच्याकडे यंत्र पैसे भराभर परत करतं, कारण तिथे काम प्रचंड आहे. तुमच्याकडे तेच यंत्र दिवसातले बावीस तास रिकामं बसेल.

आता त्या २०० लिटरकडे. टाकीतलं पाणी ६० अंशांना असतं आणि ते कुणी तसंच अंगावर घेत नाही; आपण विसण घालतो. विसणाचं गणित विक्रेता सांगत नाही. २२ अंशांच्या गार पाण्यात मिसळून ४० अंशांचं १५० लिटर हवं असेल तर ६० अंशांचं पाणी लागतं ७१ लिटर. बस्स. पावसाळ्यात तर ६२ लिटरच. उलट बाजूने मांडायचं तर २०० लिटरची टाकी भर थंडीत विसणून ४२० लिटर होते, म्हणजे २१ बादल्या. सासूबाईंना हे लगेच कळेल. त्यांच्या माहेरी बंबात पाणी किती मावत असेल आणि दिवाळीच्या पहाटे त्यावर किती माणसं न्हायली असतील, ते त्यांना विचारा. कढत पाणी थोडं आणि विसण भरपूर, त्यावर मोठी घरं निघायची. तेव्हा यंत्र घ्यायचंच झालं तरी तुमच्या घराला १०० लिटर पुरेसं आहे, आणि पाहुणे आले तर ते दोन-अडीच तासांत पुन्हा तापतं.

पैशांचं बघू. तुम्ही पाठवलेल्या बिलांवरून तुमचा वापर बहुतेक महिने ३०० युनिटांच्या अलीकडे-पलीकडे आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात: १०० पर्यंत एक, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यातलं वाचतं, म्हणून सरासरी दर धरू नका. तुमच्या बिलात वहन आकार आणि वीज शुल्क धरून ते वरचं युनिट सुमारे १५ रुपयांना पडतंय. हीट पंपाने टाकीतली गळती धरूनही वर्षाला साडेसहाशे युनिट वाचतील, म्हणजे ९,७५० रुपये. १ लाख १५ हजारांचं यंत्र या हिशेबाने बारा वर्षांत वसूल होतं, तीन वर्षांत नाही. तीन वर्षांचा आकडा कुठून आला तेही सांगतो: रोज २०० लिटर पूर्ण टाकी तापवली आणि वापरली असं धरलं की तो तसा येतो. वसतिगृहात, प्रसूतिगृहात, व्यायामशाळेत तो खरा ठरेल. तुमच्याकडे नाही.

१०० लिटरवाल्याचं चित्र एवढं वाईट नाही, हे मी लपवणार नाही. ८२ हजारांतून तुम्ही तसेही घ्याल त्या दोन नव्या गीझरांचे १७-१८ हजार वजा केले, तर जास्तीचे ६४ हजार साडेसहा वर्षांत भरून येतात. चांगलं निगुतीने ठेवलेलं यंत्र दहा वर्षं सहज चालतं. शिवाय साडेसहाशे युनिट म्हणजे देशातल्या सरासरी विजेच्या हिशेबात वर्षाला साडेचारशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड कमी. भाचीच्या मनात हाच विचार असेल, आणि तो विचार चांगला आहे. घर आहे तसं दहा वर्षं राहणार असतं तर मी तुम्हाला १०० लिटरचा घ्या म्हटलं असतं.

पण मुलगा दोन-तीन वर्षांत वर स्लॅब टाकणार आहे. सगळं तिथे ठरतं. आर्टिस्ट व्हिलेजची घरं चार्ल्स कोरिया यांनी मुद्दाम अशी आखली की कुणाचीही भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला सामाईक नाही. सात-सात घरं एका चौकाभोवती, आणि ज्याला जेव्हा ऐपत येईल तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं. म्हणून तिथे वरचे मजले चढले. तुमचंही चढेल. मग आज बसवलेलं यंत्र काढायचं, त्यातला गॅस धरून ठेवायचा, नळ तोडायचे, पुन्हा बसवायचं. त्यात यंत्राचं आयुष्यही जातं आणि पैसेही. दुसरं म्हणजे सपाट गच्ची आली की शेजारच्या तीन मजल्यांची सावली कदाचित राहणार नाही. तसं झालं तर गच्चीवर एक किलोवॅटचे सौर पॅनेल वर्षाला तेराशे-चौदाशे युनिट देतात, म्हणजे हीट पंपाने वाचतील त्याच्या दुप्पट. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या किलोवॅटला ३० हजार अनुदानही मिळतं.

म्हणून माझा सल्ला असा: आत्ता हीट पंप घेऊ नका. २०० लिटरचा तर कधीच नको.

बांधकाम निघेल तेव्हा मात्र हीट पंपाची सोय करून ठेवा. घर उघडलेलं असताना ती फुकटात होते, नंतर भिंती फोडाव्या लागतात. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची टाका. साधा पीव्हीसी गरम पाण्याला मऊ पडतो आणि जुनी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची नळी, आतून गंजून बारीक झालेली असते. नळीवर काळ्या फोमचं आवरण चढवा. खाली स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला, उघड्या हवेत, दीड बाय दीड फुटाचा नाही तर चांगला अडीच बाय अडीच फुटांचा ओटा बांधून ठेवा, बाजूला स्वतंत्र वायरचा पॉइंट आणि पाणी जायला जागा.

ओटा खाली का, तर वजनामुळे. विक्रेता २०० लिटर भिंतीवर टांगायला निघाला होता. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, वर टाकीचं आणि यंत्राचं वजन. ४० वर्षांच्या विटांच्या भिंतीत, तेही वरच्या मजल्यावर, हे टांगायला मी कुणालाही परवानगी देणार नाही. १०० लिटरही जमिनीवरच ठेवावं.

आणि उघड्या हवेत का, ते मी घरच्या अनुभवावरून सांगतो. ठाण्याला नौपाड्यात आमच्या आईचं जुनं घर होतं. तिथे आम्ही हीट पंप बसवला तो मागच्या पडवीत, आणि पडवीला काचा लावून ती बंद केलेली होती. बसवणाऱ्याने हवा कुठून येणार आणि कुठे जाणार हे विचारलं नाही, मीही त्या दिवशी तिथे नव्हतो. यंत्र हवेतली उष्णता काढून थंड हवा सोडायचं आणि थोड्या वेळाने तीच थंड हवा परत ओढायचं. दोन तासांत तापायचं पाणी पाच तास झाले तरी कोमट, आणि विजेचा काटा चाललेला. त्याहून वाईट म्हणजे पडवीच्या पलीकडे तीन फुटांवर शेजारच्या आजींची खिडकी. कंप्रेसरची घरघर दिवसा जाणवत नव्हती, पहाटे चारला ती त्यांच्या उशाशी असायची. त्या आम्हाला काही बोलल्या नाहीत. आईला त्यांच्या सुनेकडून कळलं. यंत्र परसात हलवलं तेव्हा दोन्ही प्रश्न सुटले, पण त्या माऊलीचे दोन महिने झोपेविना गेले, ते परत कसे देणार? तुमच्याकडे सात घरांचा चौक आहे. यंत्राचं तोंड चौकाकडे करू नका, कुणाच्या झोपायच्या खोलीकडेही नको, आणि ओट्यावर रबरी पॅड टाका. शेजाऱ्यांना आधी सांगा.

रात्री चालवायची गरजच नाही. दुपारी दोन वाजता हवा सगळ्यात गरम असते, तेव्हा यंत्र कमी विजेत पाणी तापवतं, आणि चांगल्या टाकीत ते दुसऱ्या सकाळपर्यंत नीट गरम राहतं. टायमर त्यासाठीच असतो.

निवडताना काय विचाराल? विक्रेता सांगेल, आमच्या यंत्राचा सीओपी चार, म्हणजे एक युनिट विजेत चार युनिट उष्णता. लगेच विचारा, हवा किती अंश असताना आणि पाणी किती अंशांवरून किती अंशांवर नेताना. ज्याला हे सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका. पाणी जितकं जास्त तापवाल तितका तो आकडा खाली येतो. आत बॅकअपचा साधा हीटर असतो, दीड-दोन हजार वॅटचा. तो आपोआप लागतो की बटणाने, हे बघा. आपोआप लागत असेल आणि कुणालाच पत्ता नसेल, तर लाखभर रुपये देऊन घरात गीझरच चालू राहतो. मी अशी घरं पाहिली आहेत.

बेलापूर खाडीपासून लांब नाही. खारट दमट हवेत कॉइलची ॲल्युमिनियमची पाती पांढरी होऊन भुगा व्हायला लागतात. तुमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवर तुम्ही ते पाहिलं असेल. गंजरोधक लेप असलेली कॉइल मागा, आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने ती धुवा. पाण्याच्या बाबतीत मात्र तुम्ही सुखी आहात. मोरबे धरणाचं पाणी मऊ आहे, क्षार फारसे धरत नाहीत. बोअरचं पाणी टाकीत मिसळत असाल तर ते थांबवा.

हवेतली उष्णता पाण्यापर्यंत नेणारा वायू यंत्रात भरलेला असतो, त्याचं नाव पाटीवर असतं. आर-२२ असेल तर स्वस्त मिळालं तरी नको. तो वर्ग देशात २०३० पर्यंत जवळजवळ बंद व्हायचा आहे आणि पुढे दुरुस्तीला मिळणं कठीण होईल. गळून बाहेर पडला तर आर-१३४ए एका किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट पृथ्वी तापवतो, आर-३२ सुमारे ६७५ पट, आणि आर-२९०, म्हणजे प्रोपेन, अवघा ३ पट. प्रोपेन पेट घेतो, म्हणून तो उघड्यावरच हवा. तुमचा ओटा उघड्यावर आहे, तेव्हा मिळाला तर तोच घ्या.

घर गार राहील, हे विक्रेत्याचं तिसरं म्हणणं. थंड हवा खरंच सुटते. पण तुमच्या वापरात ती दिवसभरात मिळून एक टनाचा एसी पाऊण तास चालावा एवढीच, आणि तीसुद्धा यंत्र घरात असेल तर. पावसाळ्यात त्यातून रोज एक-दोन लिटर पाणी मात्र ठिबकेल. त्याला नळी लावा, नाहीतर भिंतीला ओल धरेल. कुंड्यांना घालायला ते पाणी चांगलं.

बाळाचं एक. साठवलेलं पाणी ४०-४५ अंशांवर दिवसेंदिवस ठेवू नये, त्यात जंतू वाढतात. मोठ्या टाकीत आठवड्यातून एकदा तरी ६० अंश गाठावेत. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत लहान मुलाची कातडी भाजतं. म्हणून टबात आधी गार पाणी, मग गरम, आणि बाळ सगळ्यात शेवटी. हा क्रम घरात सगळ्यांनी पाळायचा, घाईच्या दिवशीसुद्धा.

आत्ताच्या गीझरांवर काय करायचं ते सोपं आहे. वरचा १४ वर्षांचा गीझर बदला. एवढ्या वर्षांत त्याच्या आवरणाचा भुसा झालेला असतो. त्याच्या जागी २५ लिटरची गरज नाही, १५ लिटर लावा. अंघोळी एकामागून एक उरका, मध्ये गीझर तासभर नुसता चालू नको. थर्मोस्टॅट तळाला असतो, वायरमनकडून ५५-६० वर आणून घ्या. बरेच गीझर ७५ वर सोडलेले असतात.

आणि एक महिना मोजा. थंडीतला मोजा, डिसेंबर किंवा जानेवारी. गीझरचा लाल दिवा रोज एकूण किती मिनिटं पेटला ते सूनबाईंना किंवा मुलाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सांगा. दोन हजार वॅटचा गीझर असेल तर तीस मिनिटं म्हणजे एक युनिट. दोन्ही गीझर मिळून दिवसाला तीन तासांच्या वर जात असतील, म्हणजे सहा युनिट, तर माझा हिशेब तुमच्या घराला कमी पडला असं समजा आणि मला कळवा; त्या वापराला १०० लिटरचा हीट पंप पाच वर्षांच्या आत पैसे परत करतो आणि मग घर बांधायची वाट न बघताही त्याचा विचार करता येईल. माझा अंदाज, तुमचा आकडा दीड-पावणेदोन तासांच्या पलीकडे जाणार नाही.

सासूबाईंचा बंब माळ्यावरून काढाच. लाकडं पेटवायची तर चौकात पेटवा, घरात नको, आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला नातवासाठी त्यातलं तांब्याभर पाणी त्यांच्या हातून घ्या. रॉड मात्र माळ्यावर ठेवू नका. गीझर बिघडला, फिटर दोन दिवस आला नाही, की माळ्यावरचा रॉड खाली उतरतो. त्याची वायर कापा आणि आजच भंगारवाल्याला द्या.